गाजर गवत खाणारा भुंगा

झायगोग्रामा बायकोलोराटा हा सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा भुंगा. मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट तपकिरी उभ्या रेषा असल्याने तो सहज ओळखू येतो. महाराष्ट्रात त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात. तो गाजर गवत खातो आणि जवळजवळ तेवढेच खातो, म्हणून त्याला मोल आहे.

पुण्यात १९५५ साली कचऱ्याच्या ढिगांवर या तणाची तुरळक रोपे दिसली. आयात गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगितले जाते. पण भारतात ते त्याआधीही असल्याचे जुने उल्लेख आहेत. कसेही आले असो, पुढच्या काही दशकांत पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा आणि बांध त्याने व्यापले. एकेका झाडाला हजारो बिया येतात. झाडाशी सतत संबंध आला की अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, काहींना दमा जडतो. अमेरिका खंडातल्या त्याच्या मूळ प्रदेशात त्याच्यावर जगणारे कीटक आहेत. इथे मात्र तण एकटेच आले. जैविक नियंत्रण म्हणजे त्याचा तिकडचा शत्रू शोधून, पारखून इकडे आणणे.

भारतात या उपायाची सुरुवात चुकीतून झाली. लाल रंग देणारा कोचिनील कीटक समजून १७९५ मध्ये ब्राझीलहून भलताच कीटक आणला गेला. रंगाचा धंदा बुडाला, पण त्या कीटकाने निवडुंगाची एक परदेशी जात फस्त केली.

मेक्सिकन भुंग्याच्या वेळी असा योगायोग चालणार नव्हता. १९८३ मध्ये तो बंगळुरूच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेत आला. के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी चाळीस जातींच्या वनस्पती त्याच्यापुढे ठेवून पाहिल्या आणि १९८४ मध्ये त्याला मोकळ्या रानात सोडले. चारेक वर्षांनी त्याची संख्या इतकी वाढली की बंगळुरूच्या परिसरात गाजर गवताचे पट्टेच्या पट्टे निष्पर्ण दिसू लागले.

त्याच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. मादी मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. चार-पाच दिवसांत बाहेर पडलेली अळी पानाकडे न वळता आधी शेंड्याचे आणि बगलेतले कोवळे कोंब गाठते. कोंबच गेला की फूल नाही, आणि फूल नाही तर बी नाही. मोठ्या झालेल्या अळ्या पाने खातात आणि मग मातीत शिरून कोष करतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास महिनाभरात उरकतो, त्यामुळे एका पावसाळ्यात अनेक पिढ्या होतात.

तरीही एक संकट आलेच. बंगळुरूजवळ हा भुंगा सूर्यफुलाची पाने कुरतडताना आढळला, गदारोळ झाला आणि केंद्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढच्या अभ्यासात दिसले की सूर्यफुलाच्या पानांवर उडून बसलेल्या गाजर गवताच्या परागांमुळे भुंगा तिथे तोंड घालत होता. पिकाचे मोठे नुकसान झाले नाही, पण संशय बराच काळ रेंगाळला.

त्या संशयाला दोष देता येत नाही. ऑस्ट्रेलियात वापरलेला, खोडात गाठी करणारा एपिब्लेमा पतंगही भारतात तपासला गेला. तो कारळ्यावर वाढतो असे दिसताच त्याला सोडण्याचा विचार रद्द झाला. आदिवासी शेतीतले तेलबियांचे पीक पणाला लावून तण मारणे हा शहाणपणा नव्हे. नकार देण्याचे हे धैर्य भुंगा सोडण्याच्या निर्णयाइतकेच मोलाचे मानायला हवे.

भुंग्याची खरी मर्यादा त्याच्या झोपेत आहे. पावसाळा सरला की तो मातीत शिरून सुप्तावस्थेत जातो आणि पुढच्या पावसापर्यंत वर येत नाही. गाजर गवताला अशी सुटी नसते. ओल मिळाली की ते कधीही उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलते. पाटाच्या पाण्याखालच्या रानात तर हिवाळ्यातही त्याला अडवणारे कोणी नसते. शिवाय मातीतले जुने बी वर्षानुवर्षे टिकते. म्हणून जिथे भुंगे भरपूर आहेत तिथेही पुढच्या वर्षी तण पुन्हा दिसते.

घाट उतरून केळशी-दापोलीकडे आले की तणांची यादी बदलते. तिथे रानमोडी आणि टणटणी जास्त नडतात, आणि मेक्सिकन भुंगा त्यांना तोंड लावत नाही. रानमोडीसाठी खोडावर गाठी करणारी सेसिडोकेरिस माशी इंडोनेशियातून भारतात आणली गेली आहे, तिची कथा वेगळी. प्रत्येक तणाला त्याचा स्वतंत्र शत्रू शोधावा लागतो. एक कीटक सगळीकडे चालत नाही.

देशावरच्या शेतकऱ्याने जुलै-ऑगस्टमध्ये पडीक जागेवर तणनाशक फवारण्याआधी पानांखाली पाहावे. भुंगे असतील तर फवारणी टाळावी. थोडे भुंगे भोके पाडलेल्या डब्यात, पाल्यासह, शेजारच्या तणावर नेऊन सोडावेत. पावसाळ्यानंतर उगवलेले गाजर गवत मात्र फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे लागते. ते काम भुंगा करत नाही.