कुत्र्यांमधील अन्नजन्य ॲलर्जी

कुत्र्यांमधील अन्नजन्य ॲलर्जी (अधिहर्षता) म्हणजे आहारातील एखाद्या घटकाला, बहुधा प्रथिनाला, कुत्र्याच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने दिलेली अवाजवी प्रतिक्रिया होय. तिची लक्षणे प्रामुख्याने त्वचेवर दिसतात. हा आजार औषधांनी समूळ बरा होत नाही. परंतु कारणीभूत घटक ओळखून तो आहारातून कायमचा वगळल्यास कुत्रा निरोगी जीवन जगू शकतो. निदान आणि उपचार ही दोन्ही आहारातील बदलांद्वारेच होतात, हे या आजाराचे वैशिष्ट्य आहे. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा यांसारख्या दमट हवामानाच्या तालुक्यांत गोचीड, पिसवा व बुरशी यांमुळेही कुत्र्यांना खाज सुटते. त्यामुळे तेथे हा आजार इतर त्वचारोगांपासून वेगळा ओळखणे विशेष महत्त्वाचे ठरते.

कारणे

ॲलर्जी सहसा नव्या अन्नाची नसून दीर्घकाळ खाल्लेल्या अन्नाची असते. त्यामुळे ‘इतकी वर्षे हेच खातो, तेव्हा अन्नाचा दोष नसावा’ हा समज चुकीचा आहे. म्युलर, ऑलिव्री व प्रेलो यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये गोमांस, १७ टक्क्यांमध्ये दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांमध्ये कोंबडीचे मांस, तर १३ टक्क्यांमध्ये गहू कारणीभूत होता. तांदूळ व मासे यांचे प्रमाण प्रत्येकी सुमारे २ टक्के होते. ही आकडेवारी मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील कुत्र्यांची आहे. कुत्र्याला जे अन्न वारंवार मिळते त्याचीच ॲलर्जी होण्याची शक्यता असल्याने दूध-पोळी, अंडी व कोंबडी यांवर वाढलेल्या कुत्र्याच्या बाबतीत प्रथम याच पदार्थांचा विचार केला जातो.

लक्षणे

सर्व ऋतूंत टिकणारी खाज हे मुख्य लक्षण आहे. पंजे, कान, काखा, जांघा, पोट व गुदद्वाराभोवतालचा भाग लाल होतो. कुत्रा पंजे सतत चाटतो, कान खाजवतो, अंग जमिनीवर घासतो. कानाचा दाह पुनःपुन्हा होणे हे काही कुत्र्यांमध्ये एकमेव लक्षण असते. खाजवून झालेल्या जखमांत स्टॅफिलोकोकस जिवाणूंचा व मॅलॅसेझिया या यीस्टवर्गीय बुरशीचा संसर्ग होऊन दुर्गंधी येते, केस गळतात आणि कातडी जाड व काळी पडते. काही कुत्र्यांमध्ये पातळ शौच, उलट्या किंवा पोटात वायू धरणे हेही आढळते. लक्षणे पहिल्या वर्षातही सुरू होऊ शकतात.

इतर रोगांपासून वेगळेपण

कोकणात जून ते सप्टेंबर या काळात मुसळधार पाऊस पडतो. ओले अंग व दमट हवा यांमुळे या दिवसांत बुरशीजन्य व जिवाणूजन्य त्वचारोग वाढतात. पिसवा व गोचीड यांचाही उपद्रव होतो. केवळ पावसाळ्यात वाढणारी आणि हिवाळ्यात ओसरणारी खाज अन्नामुळे असण्याची शक्यता कमी असते. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मुख्यतः कंबर व शेपटीच्या मुळाशी खाज सुटते.

केस गळालेल्या कुत्र्याला सरसकट ‘लूत’ लागल्याचे समजले जाते. लूत हा सूक्ष्म कोळीवर्गीय परजीवींमुळे होणारा रोग असून त्वचा खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास बहुधा त्याचे निदान होते. तिचा एक प्रकार संसर्गजन्य असून माणसालाही त्याचा उपद्रव होऊ शकतो. याउलट अन्नजन्य ॲलर्जी एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे अशा कुत्र्याला घराबाहेर काढण्याचे कारण नसते. लूत समजून अंगाला वाहनाचे जळके तेल चोपडण्याचा प्रघात घातक आहे. ते त्वचेतून शोषले जाते, चाटल्याने पोटात जाते आणि विषबाधा होऊ शकते.

निदान

रक्त, लाळ किंवा केस यांच्या चाचण्यांवरून अन्नजन्य ॲलर्जीचे खात्रीशीर निदान होत नाही. त्यासाठी ‘वर्ज्य-आहार चाचणी’ हीच मान्य पद्धत आहे. परजीवी व संसर्ग यांवर उपचार केल्यानंतर कुत्र्याला पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ एवढाच आहार दिला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, ५ आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक आणि ८ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक ॲलर्जीग्रस्त कुत्र्यांची लक्षणे शमली. म्हणून चाचणी किमान ८ आठवडे चालवतात.

लक्षणे शमल्यावर जुना आहार पुन्हा सुरू केला जातो. साधारणतः दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तर निदान निश्चित होते. हा टप्पा टाळल्यास सुधारणा आहारामुळे झाली की ऋतुबदलामुळे, हे समजत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस सुरू केलेल्या चाचणीत अशी गल्लत होण्याचा विशेष संभव असतो. त्यानंतर एकेक पदार्थ स्वतंत्रपणे १ ते २ आठवडे देऊन नेमका दोषी घटक शोधतात.

प्रथिनाची निवड

कोणतेही एक मांस सर्व कुत्र्यांसाठी ‘ॲलर्जीमुक्त’ नसते. निवड कुत्र्याच्या पूर्वीच्या आहारावरून ठरते. देशांतर्गत भागात ज्याने मासे खाल्लेले नाहीत, अशा कुत्र्यासाठी मासे हा पर्याय असू शकतो. पेण व रोहा परिसरात मात्र भात आणि ओली किंवा सुकी मासळी हे नित्याचे अन्न असून उरलेसुरले कुत्र्याला घातले जाते. त्यामुळे तेथे मासे व भात ‘नवीन’ ठरतीलच असे नाही. सुकट, जवळा, सुके बोंबील हेही आहाराच्या नोंदीत धरावे लागतात.

परस्परांशी साधर्म्य असलेल्या प्रथिनांमुळेही प्रतिक्रिया उद्भवू शकते. गोमांस, मेंढीचे मांस व गाईचे दूध यांच्यात, तसेच कोंबडी व मासे यांच्यात असे साधर्म्य प्रयोगशाळेत आढळले आहे. गाईच्या दुधाऐवजी शेळीचे दूध देणे हाही सुरक्षित पर्याय मानता येत नाही. योग्य प्रथिन सापडत नसल्यास जलविघटित प्रथिनांचे पशुवैद्यकीय खाद्य वापरतात. त्यात प्रथिनांचे इतके लहान तुकडे केलेले असतात, की रोगप्रतिकारक यंत्रणा ते सहसा ओळखत नाही.

चाचणीतील अडथळे

चाचणी अयशस्वी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नियमबाह्य घास. बिस्किटे, पेढा, दह्याचे भांडे चाटणे, शेजाऱ्यांनी घातलेली पोळी, हिवाळ्यात पोपटीतील अंडी वा कोंबडीचे तुकडे, किंवा मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याने बाजारात खाल्लेली मासळीची घाण यांपैकी काहीही निष्कर्ष बिघडवू शकते. मांसाची चव असलेल्या औषधी गोळ्याही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बदलाव्या लागतात. स्टेरॉइड औषधांनी खाज थांबते, पण आहाराचा परिणाम झाकला जातो. म्हणून ती दिल्यास चाचणी संपण्यापूर्वी थांबवणे आवश्यक असते. ती एकाएकी बंद न करता पशुवैद्यकाच्या सूचनेनुसारच कमी करतात.

दीर्घकालीन आहार

केवळ भात व मांस हा आहार चाचणीपुरता चालतो. दीर्घकाळ दिल्यास कॅल्शियम, जस्त, आवश्यक मेदाम्ले व जीवनसत्त्वे कमी पडतात. वाढत्या पिल्लांत याचा हाडांवर परिणाम होतो, म्हणून पिल्लांसाठी आरंभापासूनच संतुलित आहार ठरवून घ्यावा लागतो. घरगुती अन्न मीठ-मसाल्याशिवाय शिजवतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्याने ॲलर्जी नसतानाही वर्ज्य आहेत.

काही कुत्र्यांना अन्नाबरोबरच घरातील धुळीतील सूक्ष्म कोळीवर्गीय जीव किंवा परागकण यांचीही ॲलर्जी असते. आहार बदलल्यावर त्यांची खाज कमी होते, पण पूर्णपणे जात नाही. अशा वेळी आहारनियंत्रणाच्या जोडीला औषधोपचार चालू ठेवावे लागतात.

हेही पाहा

- ॲलर्जी
- पशुवैद्यक
- लूत
- पेण तालुका
- रोहा तालुका