घरच्या संगणकाचं कुलूप
२७ जून २०१७. उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदराचं एक कंटेनर टर्मिनल ‘पेट्या’ विषाणूने ठप्प केलं. तो विंडोजमधल्या ज्या फटींतून पसरला, त्यातली मोठी फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच मोफत आलं होतं! म्हणून घरी आधी अपडेट, बाकी सगळं नंतर.

विंडोजचा ‘डिफेंडर’ हा विषाणूरोधक चालू ठेवा. पासवर्ड ‘कीपासएक्ससी’ या प्रोग्रॅममध्ये ठेवा, आधार आणि बँकेची कागदपत्रं ‘व्हेराक्रिप्ट’च्या कुलपात. त्यांचा मुख्य पासवर्ड मात्र जपा. तो हरवला तर परत मिळवून देणारं कुणी नाही. फायरफॉक्सला ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडलं की मागावर असलेल्या बऱ्याच जाहिराती अडतात. केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ही विषाणू काढणारी साधनं फुकट देतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा.