कर्जातून दुसरे घर : गुंतवणुकीच्या दृष्टीने एक विवेचन

राहण्यासाठी घेतलेले घर ही गरज होय. भाड्याने देण्यासाठी कर्ज काढून घेतलेले दुसरे घर ही मात्र गुंतवणूक ठरते. दोहोंचे निकष वेगळे आहेत. सातव्या वेतन आयोगाच्या अंमलबजावणीनंतर प्राध्यापक-कक्षात ‘हप्ता भाड्यातून निघतो’ हे वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले. प्रस्तुत लेखात या वाक्याची आकड्यांच्या आधारे तपासणी केली आहे.

पुण्यातील ६० लाख रुपयांची सदनिका उदाहरणादाखल घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जास किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे; म्हणजे कर्ज ४८ लाख आणि स्वतःचे १२ लाख. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा सुमारे साडेचार लाखांचा खर्च या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच करावा लागतो. व्याजदर ८.५ टक्के व मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे ४१,६५५ रुपये येतो. भाडे १५,००० रुपये मानले, तर दरमहा २६,६५५ रुपयांची तूट वेतनातून भरावी लागेल. हप्ता भाड्यातून निघत नाही, ही बाब येथेच स्पष्ट होते.

तथापि खरेदीदाराची भिस्त भाड्यावर नसून किंमतवाढीवर असते. किंमत दहा टक्क्यांनी वाढली, तर ६ लाखांचा लाभ १२ लाखांच्या स्वनिधीवर ५० टक्के दिसतो. कर्जाचे हे तरफेसारखे कार्य मोहक आहे खरे. पण त्यात वेळ आणि व्याज हिशेबाबाहेर राहतात. पाच वर्षांचे चित्र पाहू. तोवर स्वतःचे साडेसोळा लाख आणि तुटीचे सुमारे १६ लाख, असे साडेबत्तीस लाख गुंतलेले असतात; कर्ज ४२.३० लाख शिल्लक असते. किंमत दरसाल ५ टक्क्यांनी वाढल्यास घर ७६.५८ लाखांचे होते आणि कर्ज फेडून हाती ३४.२८ लाख उरतात. पाच वर्षांत नफा जेमतेम पावणेदोन लाख. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, दलाली व कर अजून वजा व्हायचे आहेत. वाढ ८ टक्के असल्यास नफा सुमारे १३ लाख, किंमत स्थिर राहिल्यास तोटा जवळपास १५ लाख. कारण साधे आहे : ५ टक्के किंमतवाढ आणि ३ टक्के भाडे यांची बेरीज ८.५ टक्के व्याजाला गाठत नाही. जोवर ती गाठत नाही, तोवर अधिक कर्ज म्हणजे अधिक तोटा.

व्याजदरही स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. आपल्या उदाहरणात दर तेवढाच वाढून ११ टक्के झाला, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ४४,००० रुपये, म्हणजे मूळ हप्त्याहून जास्त होते. अशा वेळी मुदत कितीही लांबवली तरी भागत नाही, हप्ता वाढवावाच लागतो.

करसवलतीचा युक्तिवाद आता बराच क्षीण झाला आहे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून, भाड्याने दिलेल्या घराचा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच वेतनातून वजा करता येतो; नव्या करप्रणालीत तेवढाही नाही. सल्ला देणाऱ्या अनेकांच्या बोलण्यात मात्र २०१७ पूर्वीचाच हिशेब अद्याप आढळतो.