साभार परत

लेख संपादकांकडे रवाना झाल्यापासून त्यांचे उत्तर येईपर्यंतचे दिवस लेखकास पुन्हा परीक्षार्थी करून सोडतात. आयुष्यभर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आम्हां मुख्याध्यापकांचीही त्यातून सुटका नाही. त्यातून उज्जैनच्या नानाखेड्यात बसून मराठी लिहिणाऱ्याची धास्ती दुहेरी असते. लेख पसंत पडेल काय, ही पहिली. आणि आपली मराठी अद्याप मराठी राहिली आहे काय, ही त्याहून बोचरी दुसरी.

ही दुसरी धास्ती अकारण नव्हे. शाळेत दिवसभर हिंदी, बाजारात हिंदी आणि माळवी. मराठी उरते ती घरात, देवापाशी आणि पत्रांत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘मुलांच्या शिक्षेसाठी आम्ही मनापासून चेष्टा करतो’ असे वाक्य इकडच्या लेखणीतून सहज उतरावे आणि पुण्याच्या संपादकांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचावे, असा हा प्रकार!

मग हिंदीतच का लिहू नये? हा मार्ग येथे सदैव मोकळा होता, आणि त्यात काही उणे नाही. उज्जैनशी निकटचा संबंध असलेले गजानन माधव मुक्तिबोध घरचे मराठी. ते हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी व कादंबरीकार झाले. एका घरातून दोन भाषांना दोन साहित्यिक लाभले. गजानन माधवांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह १९६४ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तो हाती घेण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. हे आठवले म्हणजे महिना-दोन महिन्यांच्या प्रतीक्षेची आम्हांस लाज वाटते.

संपादकांविषयीचे भय मात्र बरेचसे अनाठायी असते. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन लेखकांना पत्रे लिहीत, उणिवा दाखवीत, कथा पुन्हा लिहावयास लावीत. ‘साभार परत’ या दोन शब्दांनी अनेकांची उमेद खचली हे खरे. परंतु परत आलेल्या लेखासोबत सूचनेच्या चार ओळी असतील, तर तो लेख कोणीतरी मनापासून वाचला, याची ती पोचपावतीच होय.

लेख छापून येतो तेव्हा आम्ही प्रथम नाव पाहत नाही. आपली मूळ प्रत शेजारी ठेवून कोणते शब्द बदलले ते पाहतो. परप्रांतात आमची मराठी सुधारणारे आता राहिले आहेत तरी किती? त्यामुळे एखादा हिंदी वळणाचा शब्द काढून संपादकांनी नेमका मराठी शब्द घातलेला दिसला, की अपमान न वाटता आपल्या माणसाने हात धरल्यासारखे वाटते. समाधान ते हेच.

म्हणून वाचक बंधुभगिनींना विनंती, की घरातील आठवणी, पाककृती, सणवार, जे सुचेल ते लिहावे. कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून लिहावे. एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. संगणकावरून पाठविणाऱ्यांनी पाठविण्यापूर्वी लेख घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे त्यांच्या कपाळास आठी पडेल, तेथेच संपादकही थांबणार आहेत.