घासून घासून किती घासाल?

अमेरिकेतल्या एका वाचकाने विचारलंय: इथले हौशी लोक पिस्तुलाचा ‘फीड रॅम्प’ घरीच घासून आरशासारखा करतात. त्याने काडतूस अडकायचं थांबतं का?

फीड रॅम्प म्हणजे चिमुकली घसरगुंडी, फक्त हिच्यावर चढायचं असतं. मॅगझिनमधून सुटलेलं काडतूस हिच्यावरून चेंबरमध्ये शिरतं. तिच्यावर कारखान्यातल्या अवजाराचे ओरखडे राहिले असतील, तर पॉलिशचा उपयोग होतो. पण चकाकी हे डोळ्यांचं प्रकरण आहे. उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान झाले की धातूचा आरसा होतो. घर्षणाला त्याचं एवढं कौतुक नाही. घर्षणाचे अभ्यासक बाउडन आणि टेबर यांनी १९५०च्या ग्रंथात दाखवलं की धातू एकमेकांना फक्त उंचवट्यांच्या शेंड्यांवर टेकतात, तिथेच चिकटतात, आणि खरा जोर लागतो तो हे सांधे तोडायला. तिथे तेलाचा पातळ थरही मोठं काम करून जातो.

शिवाय अडचण बहुधा आकाराची असते. बंदुकांचे रचनाकार ब्राउनिंग यांचं १९११चं पिस्तूल गोल नाकाच्या गोळीसाठी बेतलेलं. पुढे पोकळ, बोथट टोकाच्या गोळ्या आल्या आणि जुन्या पिस्तुलांत त्या अडखळू लागल्या. उताराचा कोन, मॅगझिनची स्प्रिंग, मॅगझिनचे काडतूस धरणारे ओठ यांतलं काहीच चकाकीने बदलत नाही. उलट उत्साहाच्या भरात जास्त घासलं की कोनच बिघडतो, आणि झिजलेलं पोलाद परत लावता येत नाही.

घरी घासण्यात खरा उस्ताद होता तो स्वीडनच्या एस्किल्स्टुना इथल्या सरकारी रायफल कारखान्यातला कार्ल एडवर्ड योहान्सन. १८९६ साली जर्मनीतल्या माउझर कारखान्यातून परतताना, आगगाडीत त्याला कल्पना सुचली: मापकांचा डोंगर कशाला, नेमक्या जाडीचे १०२ पोलादी ठोकळे जोडून हजारो मापं मिळतील. शेवटचा हात तो घरी मारायचा, बायकोच्या शिलाई मशीनला घासायचं चाक जोडून! (तिचं शिवणकाम तोवर कसं चाललं, हे कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.) ठोकळे इतके सपाट झाले की एकावर एक दाबून सरकवले की चिकटून बसत. हवेच्या दाबाचा त्यात वाटा किरकोळ. काम करतो तो तेलाचा किंवा ओलाव्याचा अतिसूक्ष्म थर आणि रेणूंमधलं आकर्षण. आजही वर्कशॉपमध्ये मोजणी संपली की हे ठोकळे लगेच सरकवून सोडवतात आणि तेलाचा हात फिरवून वेगवेगळे ठेवतात. फार वेळ जोडलेले राहिले तर ते सोडवणं अवघड होऊ शकतं.