सरहिंदचा न झालेला कमाविसदार

इतिहासात ‘जर’ला जागा नाही असं वर्गात बजावणारे प्राध्यापक चहाच्या टपरीवर हमखास पानिपत जिंकून देतात. आपला ‘जर’ ठरलेला आहे: १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना लागलेली गोळी. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचं पानिपत’मध्ये ती गोळी हुकवली आणि प्राध्यापक गायतोंड्यांना निराळ्याच मुंबईत उतरवलं. हीच कथा इंग्रजीतून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली, म्हणजे चंडीगडच्या मुलांपर्यंतही पोचली. तिथल्या वर्गात बसून वाचताना मात्र वेगळा प्रश्न पडायला हवा. मराठे जिंकले असते, तर या मुलखात कोणत्या भाषेत फर्मानं निघाली असती?

भाषेचा हाच प्रश्न युरोपात विचारून पाहू: स्लाव मुलखात बिगर-स्लावांनी राज्यं उभारली असती तर? गंमत म्हणजे ती खरोखर उभी राहिली होती. ६८१च्या सुमारास अस्पारुखच्या बल्गार टोळ्या डॅन्यूबच्या दक्षिणेला राज्य करून बसल्या. त्यांची बोली तुर्की वळणाची. नवव्या शतकात बोरिसने बाप्तिस्मा घेतला, स्लाव भाषा धर्माची आणि दरबाराची झाली. बल्गारांची बोली विरली, देशाला नाव तेवढं राहिलं. रशियन बखरीतला रुरिक उत्तरेकडून आलेला. मुलगा इगोर, तेही नाव तिकडचंच. नातू मात्र स्व्यातोस्लाव. तीन पिढ्यांत घराची पाटी बदलली.

आपल्याकडे उलटा दाखला तंजावरचा. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे गादी मांडली आणि सव्वाशे वर्षांनी, १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजींनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. तिथे फौजेमागून कारकून गेले, कीर्तनकार गेले, आचारी गेले.

पंजाबात यातलं कुणीच गेलं नाही. मार्च १७५८ मध्ये रघुनाथराव आणि मल्हारराव होळकरांनी सरहिंद घेतलं. शीख आणि पंजाबातला मोगल सरदार अदिना बेग सोबतीला होते. चंडीगडहून हे गाव गाडीने तासाभरावर आहे. एप्रिलमध्ये लाहोर पडलं, अफगाण बादशहा अब्दालीचा मुलगा तैमूरशहा पळाला, फौजा अटकेपर्यंत गेल्या. आणि मग? वर्षाला पंचाहत्तर लाखांच्या बोलीवर सुभा अदिना बेगच्या हवाली करून रघुनाथराव माघारी फिरले. भगवा फडकला खरा, पण कारभार मक्त्याने. सप्टेंबरात अदिना बेग वारला, पुढच्या वर्षी अब्दाली परत आला आणि सुभा गेला. आपण त्या दीडदोन वर्षांचा ‘अटकेपार झेंडा’ असा वाक्प्रचार केला, इतकंच.

म्हणून माझ्या मते फाटा पानिपताच्या रणावर फुटत नाही. तो फुटतो १७५८च्या उन्हाळ्यात. सरहिंदला एखादा कमाविसदार बायकामुलांसह राहिला असता, मोडीत दफ्तर लिहू लागला असता, तर त्याचा नातू काय बोलला असता? बहुधा पंजाबी. दख्खनेतून नवी माणसं येत राहतील इतकं अंतर थोडं नव्हतं, आणि शिखांच्या मिसली काही रिकामी पाटी नव्हत्या. तंजावर तिथे झालं नसतं. झालाच तर बल्गेरिया. हरियाणातल्या रोड समाजात अनेकजण स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. पुराव्यावर वाद आहेत, पण सांगणं हरियाणवीतच असतं.

मराठे पुढेही आले, पण वसुलीलाच. १७९४ मध्ये अंबाल्याजवळ मर्दानपूरला पतियाळाची साहिब कौर स्वतः फौज घेऊन त्यांच्यावर चालून गेली. आपल्या पुस्तकांत ही बाई सापडत नाही, हे खटकतं. १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने विषयच मिटला. तलवारीशिवाय गेलेल्या नामदेवांची एकसष्ट पदं मात्र गुरुग्रंथसाहिबात आहेत. पण पदांना चौथाई लागत नाही, तेव्हा ही तुलना पुरे.

सरहिंदची जागा रिकामी राहिली नाही. १७६४ च्या जानेवारीत शिखांनी अब्दालीचा सुभेदार झैनखान याला मारून तो मुलूख वाटून घेतला. त्या वाटणीच्या गर्दीत गरीबदास नावाच्या सरदाराने चौऱ्याऐंशी गावं बळकावून मनीमाजऱ्याला आपलं छोटं राज्य थाटलं. ते १८७५ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. फाळणीत लाहोर हातचं गेलं म्हणून चंडीगड वसवावं लागलं, तेव्हा ल कॉर्बुझिएच्या आराखड्यात तेरा नंबरचा सेक्टर नव्हताच. २०२० मध्ये तो नंबर मनीमाजऱ्याला दिला.