मल्लिकेच्या उद्यानातील शाळा आणि आजचा मौन-कक्ष

नागपुरातील उद्याने, तलावांचे काठ व समाजभवने ही सामान्य जनांच्या विसाव्याची ठिकाणे होत. तेथे सर्व धर्मीयांना, तसेच कोणताही धर्म न मानणाऱ्यांनाही, काही काळ शांत बसता येईल असा एखादा कक्ष असावा काय, हा प्रश्न विचारार्ह आहे. ही कल्पना परकीय आहे असे पुष्कळांना वाटते. न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी १९५७ मध्ये असा कक्ष सिद्ध केला, हे खरे. तथापि तिचे बीज पालि वाङ्मयातही आढळते.

दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्त पाहावे. श्रावस्तीत राणी मल्लिकेचे एक उद्यान होते. तेथे तिंदुक वृक्षांनी, म्हणजे आपल्या विदर्भातील तेंदूच्या जातकुळीतील वृक्षांनी, वेढलेली एक शाळा होती. निरनिराळ्या मतांचे लोक तेथे वादचर्चेसाठी जमत. एके दिवशी पोट्ठपाद हा परिव्राजक तीनशे अनुयायांसह बसला होता आणि राजे, चोर, सैन्य, अन्नपान यांविषयी मोठा गलबला चालला होता. दुरून भगवान बुद्ध येताना दिसताच पोट्ठपादाने सर्वांना गप्प केले; कारण श्रमण गोतमांना शांतता प्रिय आहे, हे तो जाणत होता. पुढे संज्ञानिरोधावर गंभीर चर्चा झाली. प्रवेशद्वाराशी कोणालाही मत सोडावे लागले नाही; सोडावा लागला तो गोंगाट.

सम्राट अशोक स्वतः उपासक होता. तरी त्याने बराबर टेकडीतील लेणी आजीवकांना दिली आणि बाराव्या शिलालेखात परमताची अकारण निंदा टाळण्यास सांगितले.

येथे एक आक्षेप संभवतो. अशा कक्षामुळे ‘सर्व धर्म सारखेच’ हा भोंगळ विचार बळावणार नाही काय? आक्षेप रास्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मतभेद पुसण्यासाठी नव्हेत. म्हणून कक्षात सर्व देवतांच्या तसबिरी एकत्र मांडल्या, तर प्रतिज्ञाबद्ध बौद्धाला तेथे स्थान उरणार नाही. कक्ष रिकामाच हवा. मूर्ती नको, दानपेटी नको, पुरोहित नको, ध्वनिक्षेपक नको. आमची वंदना विहारात होईल. येथे केवळ मौन.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. सार्वजनिक उद्यानात एखादे देवस्थान उभे राहते आणि हळूहळू ती जागा एकाच समाजाची होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी रस्ते, उद्याने व सार्वजनिक जागांवर अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ न देण्याचा आदेश दिला. हा नियम आमच्या विहारांनाही लागू आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, ते सार्वजनिक जागेवरील समान हक्कासाठी. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने तळी, रस्ते व सार्वजनिक वावराच्या जागा यांबाबत तोच हक्क दिला. ज्या कक्षात जात, धर्म व लिंग न विचारता कोणीही शेजारी बसू शकतो, तो या हक्काचाच विस्तार होय. अशा कक्षाची मागणी करण्यात बौद्धांनी पुढाकार घ्यावा, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे.